कोणत्या कामाचा जिल्हा?

नांदेड जिल्ह्याला खासदार किती, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या वर्गात टाकला तर निम्मी पोरं न थांबता ‘एक’ म्हणतील. खरं उत्तर तीन आहे. किनवट आणि हदगावचे मतदार हिंगोलीचा खासदार निवडतात, लोहा-कंधारचे लातूरचा आणि उरलेले नांदेडचा. शेजारच्या लातूर जिल्ह्यात औशाचं मत लातूरच्या खासदाराला पडत नाही, ते जातं उस्मानाबाद मतदारसंघात. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात दोन जिल्ह्यांमध्ये एकच ठळक रेघ असते. नांदेडहून लातूरला रस्त्याने निघालं की तिथे रेघांचा गुंता दिसू लागतो. महसुलाची हद्द एक, मतांची दुसरी, दहावीच्या बोर्डाची तिसरी, विजेची चौथी, रेल्वेची पाचवी. प्रत्येक रेघ वेगळ्या साली, वेगळ्या खात्याने, वेगळ्या कारणासाठी ओढलेली. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरचा हा प्रवास त्या रेघा ओलांडत केलेला आहे.

सुरुवात नांदेडच्या रेल्वे स्टेशनातून करावी. स्टेशनाचं नाव हुजूर साहिब नांदेड. उत्तरेकडून आलेले शीख यात्रेकरू इथे उतरतात आणि रिक्षा थेट सचखंड गुरुद्वाऱ्याकडे वळते. स्टेशन महाराष्ट्रात, पण कारभार दक्षिण मध्य रेल्वेचा, तिचं मुख्यालय सिकंदराबादला. २००३ साली नांदेड हा स्वतंत्र रेल्वे विभाग झाला. त्याआधी हा भाग हैदराबाद विभागात होता. मराठवाड्यातले प्रवासी कितीतरी वर्षं हा विभाग मध्य रेल्वेला जोडा म्हणून मागणी करताहेत. मुंबईची गाडी वाढवायची असली तरी निवेदन घेऊन सिकंदराबादकडे तोंड करावं लागतं, हे त्यांचं दुखणं आहे.

हैदराबादची सावली रुळांपुरती नाही. गुरुद्वाऱ्याचं मंडळ ज्या कायद्याने चालत आलं, तो १९५६ चा कायदा हैदराबाद राज्याच्या विधिमंडळाने केलेला आहे. ते राज्य त्याच वर्षाच्या १ नोव्हेंबरला संपलं, कायदा मात्र राहिला. शेतीचंही तसंच. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायदा म्हणजे १९४८ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्यात मात्र १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा. वकिलाच्या टेबलावर आजही तोच उघडला जातो. राज्य गेलं, त्याची हद्द कायद्याच्या पुस्तकात मागे उरली.

शहरातच आणखी एक गंमत आहे. जिल्हाधिकारी कार्यालय नांदेड शहरात आणि जिल्हा परिषदही नांदेड शहरातच. पण शहरात राहणारा माणूस जिल्हा परिषदेला मत देत नाही. जिल्हाधिकाऱ्याचा जिल्हा शहरासकट असतो. जिल्हा परिषदेचा जिल्हा म्हणजे शहरं वगळून उरलेला ग्रामीण भाग. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९६२ पासून त्यांचा कारभार सुरू झाला, तेव्हापासून ही दुहेरी व्यवस्था आहे. नगरपालिका आणि महानगरपालिका या व्यवस्थेच्या बाहेर. नांदेडची महानगरपालिका १९९७ ची आणि तिचं पूर्ण नाव नांदेड वाघाळा शहर महानगरपालिका. वाघाळ्याचा भाग पोटात घेतला, म्हणून तो नावातही बसला. लातूरची महानगरपालिका बरीच उशिरा, २०११ साली झाली. म्हणजे ‘नांदेड’ हा एकच शब्द शहर, तालुका, महसुली जिल्हा, जिल्हा परिषद आणि लोकसभा मतदारसंघ अशा पाच वेगवेगळ्या जागांना लागतो. यातल्या कुठल्याही दोन जागांच्या हद्दी जुळत नाहीत.

लातूर फाटा सोडला की विष्णुपुरी लागते. एका अंगाला गोदावरीवरचा विष्णुपुरीचा बंधारा, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली, मराठवाडा मुक्तिदिनाची. त्याचं कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली. लातूरच्या पोराच्या पदवीवर नांदेडच्या विद्यापीठाचा शिक्का येतो. तर नांदेडच्या पोराच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर लातूर विभागीय मंडळाचा, कारण राज्य मंडळाच्या लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांना नांदेडहून पोरं लातूरला जातात आणि शिकवण्यांचा बाजार आता नांदेडातही तितकाच मोठा आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही शहरांची प्रमाणपत्रं मात्र अशी एकमेकांच्या हाती आहेत.

लोहा हे या रस्त्यावरचं पहिलं मोठं गाव. तालुका झाला तो कंधारमधून निघून. तहसील कार्यालयासमोर झेरॉक्सची दुकानं रांगेने आहेत. त्यातल्या एकात एक काका फॉर्म भरून देत बसलेले. समोर एक म्हातारी, तिची नात आणि आधार कार्डांचा गठ्ठा. मी त्यांना विचारलं, “इथला माणूस जिल्हा कोणता लिहितो?”

ते मान वर न करता म्हणाले, “कशाचा फॉर्म आहे ते सांगा आधी. मग जिल्हा सांगतो.”

आणि मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. उत्पन्नाचा दाखला, नांदेड. दहावीच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत, लातूर बोर्ड. बीए-बीकॉमची मायग्रेशन, नांदेड विद्यापीठ. लाइटबिलाची तक्रार वरपर्यंत न्यायची तर महावितरणचं नांदेड परिमंडळ. खासदाराचं शिफारसपत्र, लातूर. शेवटच्या बोटाला म्हातारी मधेच बोलली, “खासदार कुठला बी असंना, पगारीचं काम तहसीललाच होतंय.” पगार म्हणजे तिची निराधार योजनेची रक्कम. काका हसले, पण म्हातारीने सगळ्या रेघांमधली तिच्या कामाची तेवढी एक रेघ बरोबर उचलली होती.

लोहा लातूर लोकसभेत गेलं कसं, याचं उत्तर कुठल्या नेत्याच्या लहरीत शोधायची गरज नाही, साध्या गणितात ते मिळतं. महाराष्ट्रात लोकसभेच्या ४८ जागा आणि विधानसभेच्या २८८, म्हणजे एका लोकसभेत सहा विधानसभा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर लातूर जिल्ह्यात सहा विधानसभा मतदारसंघ आहेत: लातूर शहर, लातूर ग्रामीण, अहमदपूर, उदगीर, निलंगा आणि औसा. आकडा बरोबर जुळतो. पण शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात चारच: उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद आणि परंडा. त्यांना दोन हवे होते. एक सोलापूर जिल्ह्यातून बार्शी घेतला, दुसरा लातुरातून औसा. लातुरात आता पाच उरले. सहावा नांदेडकडून आला, तो लोहा. नांदेड जिल्ह्यात नऊ मतदारसंघ. लोहा गेल्यावर आठ, त्यातले किनवट आणि हदगाव हिंगोलीला दिले, कारण हिंगोली जिल्ह्यात तीनच आहेत. तिथेही पाचच झाले, म्हणून सहावा यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड घेतला. असा हिंगोलीचा खासदार मराठवाडा आणि विदर्भ दोन्हींत मतं मागत फिरतो. उस्मानाबादला दोन मतदारसंघ कमी पडले आणि त्याचा धक्का पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडपर्यंत पोचला.

विधानसभेचा मतदारसंघ मात्र जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, त्यामुळे आमदाराच्या बाबतीत घोळ नाही. लोकसभेच्या निवडणुकीत लोह्यातल्या मतदाराच्या दृष्टीने निवडणूक निर्णय अधिकारी लातूरचे जिल्हाधिकारी असतात. सहा महिन्यांनी विधानसभा आली की सगळं नांदेडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. गावातल्या रस्त्याला पैसा हवा असेल तर तो नांदेडच्या जिल्हा नियोजन समितीतून येणार आणि दिल्लीत त्या गावचं बोलणार तो लातूरचा खासदार. लातूरची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हा लोह्यात खासदारकीला कुणाला उभं राहता येईल, हेही लातूरच्या जागेवरच्या आरक्षणावरून ठरतं.

लोहा सोडून माळाकोळीकडे निघालं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुस्त्यांचा फड आणि लावणीचे तंबू. यात्रेचं व्यवस्थापन नांदेड जिल्हा परिषदेकडे असतं, पण गर्दी बघितली तर अहमदपूर, जळकोट, उदगीरची माणसं तितकीच. घोड्यांचे व्यापारी तर महाराष्ट्राबाहेरूनही येतात. जिल्हा परिषदेने पाण्याचे टँकर आणि शौचालयं मोजताना जिल्हा बघायचा, खंडोबाला भंडारा उधळताना कोण बघतो?

पाण्याचीही रेघ वेगळी. लोहा तालुक्यात लिंबोटीला ऊर्ध्व मानार प्रकल्पाचं धरण आहे. त्याचं पाणी नांदेड जिल्ह्यातलं, पण अहमदपूर आणि उदगीर ही लातूर जिल्ह्यातली शहरं त्यावर तहान भागवतात. खुद्द लातूर शहर पिण्याचं पाणी मांजरा धरणातून घेतं आणि ते धरण आहे बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला. २०१६ च्या उन्हाळ्यात ते आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं गेलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. सांगली जिल्ह्यातलं पाणी, बीड जिल्ह्यातलं कोरडं धरण आणि तहानलेलं लातूर. पाण्याचा हिशेब जिल्ह्याच्या रेघेत कधीच बसत नाही.

अहमदपूरच्या अलीकडे हद्द लागते. फलकाखेरीज काही बदलत नाही. तीच बालाघाटची चढण-उतरण, तीच सोयाबीन आणि तूर, रस्त्याकडेला वाळत घातलेला तोच कडबा. शेतकऱ्याला मात्र इथे एक फार बारीक रेघ छळते, ती म्हणजे महसूल मंडळाची. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि तो पाऊस मोजला जातो मंडळाच्या पर्जन्यमापकावर. बांधाच्या अलीकडचं शेत एका मंडळात, पलीकडचं दुसऱ्या. ढग दोन्हीकडे सारखाच फुटतो, पण एका मंडळात ७० ची नोंद होते आणि दुसऱ्यात ५८ ची. एकाचं पीक सरकारच्या लेखी बुडालं, दुसऱ्याचं उभंच राहिलं. जिल्ह्यावरून होणाऱ्या भांडणांपेक्षा या मंडळांवरून होणारी भांडणं तहसीलच्या व्हरांड्यात जास्त ऐकू येतात.

अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात आहे, १९८२ च्या आधी उस्मानाबादेत होतं आणि १९५६ च्या आधी बीदर जिल्ह्यात. उदगीर आणि निलंगाही तसेच. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. राज्य पुनर्रचना कायद्यातली यादी बघितली की दिल्लीतल्या कारकुनाने किती बारीक कात्री चालवली ते कळतं. औरंगाबाद, परभणी, बीड आणि उस्मानाबाद हे जिल्हे अख्खे मुंबई राज्याला. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबईला, उरलेल्या बीदरचा बहुतेक भाग म्हैसूरला. नांदेड जिल्हा मुंबईला, पण देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल हे सर्कल वगळून, तसंच मुधोळ तालुक्यातले मुधोळ, भैंसा आणि कुबीर हे सर्कल वगळून. ते आंध्रात गेले आणि आज तेलंगणात आहेत. उलट दिशेने आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातला इस्लापूर सर्कल मुंबईकडे आले. राजुरा आधी नांदेड जिल्ह्याला जोडला आणि १९५९ मध्ये तिथून काढून चांदा जिल्ह्याला दिला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या म्हाताऱ्यांनी, गाव न सोडता, आदिलाबाद, नांदेड आणि चांदा असे तीन जिल्हे पाहिले.

हा इतिहास कागदातच पडून राहिला असता. पण २ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे कुणबी नोंदी तपासण्याचा शासन निर्णय काढला आणि जुने जिल्हे पुन्हा कामाला लागले. आरक्षणाच्या प्रश्नात कोण बरोबर, तो वाद वेगळा. पण नोंद शोधायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, आपलं गाव तेव्हा कोणत्या जिल्ह्यात होतं? आजच्या लातूर जिल्ह्याच्या नावाने निजामकाळातलं काहीच सापडणार नाही, कारण तो जिल्हाच नव्हता. औशाच्या माणसाने उस्मानाबादचं पान उघडावं, निलंग्याच्या माणसाने बीदरचं, किनवटच्या माणसाने आदिलाबादचं. १९५१ ची जनगणनाही उदगीरला बीदर जिल्ह्यातच मोजते.

शिरूर ताजबंदला रस्ता फुटतो आणि उदगीरकडे वळतो. उदगीरचा किल्ला १७६० च्या लढाईने मराठी शाळेच्या पुस्तकात गेला. २०२२ साली पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं. बाजारात फिरलं की कर्नाटकाची हद्द जवळ आहे हे दुकानांच्या पाट्यांआधी बोलण्यातून कळतं. दुकानदार गिऱ्हाईकाशी मराठीत भाव करतो, फोनवर कन्नडमध्ये बोलतो आणि हमालाला दख्खनी उर्दूत हाक मारतो. बीदर आणि लातूर इथून जवळपास सारख्याच अंतरावर. बीदर, भालकी, औराद ही अनेक घरांची सासर-माहेरची गावं. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ८६५ गावांवर दावा लावला, त्यात बीदर जिल्ह्यातली गावंही आहेत. आणि उदगीरला स्वतंत्र जिल्हा करा, ही मागणी निवडणूक आली की हमखास वर येते. नांदेड जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किनवटही हेच मागतं. तिथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी शंभर किलोमीटरांहून जास्त जावं लागतं, तेव्हा त्याची मागणी बसच्या तिकिटावर मोजता येते.

परत हमरस्त्याला लागून चाकूरकडे यावं. चाकूरजवळचं लातूर रोड हे जंक्शन नवख्या प्रवाशाला हमखास चकवतं, कारण नाव लातूर रोड, पण लातूर शहर तिथून तासाभराच्या अंतरावर. परळीकडून विकाराबादकडे जाणारा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेचा, सिकंदराबाद विभागाचा. उदगीर याच मार्गावर. लातूर शहराचं स्टेशन मात्र मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, कारण ती लाइन मुळात बार्शी लाइट रेल्वेची, कुर्डुवाडीकडून आलेली. एकाच जिल्ह्यात लातूरकर गाडीची तक्रार सोलापूरला करतो आणि उदगीरकर सिकंदराबादला. इंग्रज कंपनीची अरुंद रुळांची लाइन आणि निजामाच्या मुलखातून आलेली लाइन जिथे भेटल्या, तिथली जोडाची खूण अजून मोडलेली नाही.

लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, उस्मानाबादमधून फुटून. त्याच सुमारास महाराष्ट्रात जिल्ह्यांची वाटणी जोरात होती. १ मे १९८१ ला जालना आणि सिंधुदुर्ग झाले आणि लातूरनंतर दहा दिवसांनी गडचिरोली. परभणीतून हिंगोली निघायला १९९९ उजाडलं. आज लातूर जिल्ह्यात दहा तालुके, नांदेडात सोळा. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच २४ म्हणजे लातूर, २५ धाराशिव आणि २६ नांदेड. टपालाचा पिन कोड बघितला तर लातूरचा ४१३ ने सुरू होतो, सोलापूरसारखा. नांदेडचा ४३१ ने, छत्रपती संभाजीनगरसारखा. टपालखात्याच्या वर्गवारीत लातूर सोलापूरच्या बाजूला बसतं, महसुलात मात्र संभाजीनगर विभागात.

खरा संघर्ष विभागीय कार्यालयांचा आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचं विभागीय आयुक्तालय छत्रपती संभाजीनगरला, नांदेडहून सुमारे अडीचशे किलोमीटर. दक्षिणेकडे दुसरं आयुक्तालय हवं हे सगळ्यांना मान्य, पण ते कुठे, यावर एकमत नाही. २००९ मध्ये मंत्रिमंडळाने नांदेडचा निर्णय केला तेव्हा अशोक चव्हाण मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या आधीचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरचे. लातूर रस्त्यावर उतरलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. २०१५ मध्ये विषय पुन्हा पेटला. दोन्ही जिल्ह्यांनी राज्याला प्रत्येकी दोन मुख्यमंत्री दिले, नांदेडने शंकरराव आणि अशोक चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव. तरी महाराष्ट्रात महसुली विभाग सहाचे सहाच आहेत.

आयुक्तालय आलं नाही, पण बाकीची खाती एकेक करून दोन्हीकडे वाटली गेली. पोलिसांचं परिक्षेत्र नांदेडला, त्यात लातूर येतं. कृषी सहसंचालक लातूरला, त्यांच्या हाताखाली नांदेड. आरोग्याचं लातूर मंडळ लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड मिळून. करोनाच्या काळात रोजच्या आकड्यांत नांदेड लातूरखाली छापलं जायचं आणि परभणी-हिंगोली औरंगाबादखाली. विजेचं मात्र उलट. नांदेड परिमंडळात नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर परिमंडळात लातूर, धाराशिव, बीड. त्याच पाच-सहा जिल्ह्यांची प्रत्येक खात्याने आपापल्या सोयीने वेगळी जुळणी केली आहे. यातली एकही जुळणी दुसऱ्याशी मिळत नाही.

हा गुंता फक्त आपल्याकडचाच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्याने स्थानिक कारभाराची नवी मांडणी झाली आणि १ एप्रिल १९७४ पासून जुन्या परगण्यांच्या, म्हणजे काउंटींच्या, हद्दी कारभारापुरत्या बदलल्या. रटलंड ही इवलीशी काउंटी लेस्टरशरमध्ये विरघळली आणि लोकांनी रेटा लावल्यावर १९९७ मध्ये पुन्हा वेगळी झाली. मिडलसेक्सचा कारभार तर १९६५ मध्येच संपला, तरी त्या नावाचा क्रिकेट संघ अजून लॉर्ड्सवर खेळतो. सॅडलवर्थचे लोक कारभाराने ग्रेटर मँचेस्टरमध्ये, पण स्वतःला यॉर्कशरचे म्हणवतात. तिथल्या टपालखात्याने १९९६ मध्ये पत्त्यात काउंटीचं नाव लिहिण्याची सक्तीच काढून टाकली. जुन्या काउंटीची हद्द एक, समारंभाच्या काउंटीची दुसरी आणि कौन्सिलची तिसरी. फरक इतकाच की त्यांच्याकडे भावना काउंटीच्या नावाला चिकटलेली असते. आपल्याकडे ती गावाला आणि फार तर तालुक्याला चिकटते. लातूरचा जिल्हा वेगळा झाला म्हणून औशात कुणी उस्मानाबादच्या नावाने आसवं गाळली नाहीत.

पण नाव मागे राहण्याचा प्रकार आपल्याकडेही घडतो. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. २०२४ च्या लोकसभेत मतदारसंघांची नावं मात्र उस्मानाबाद आणि औरंगाबादच राहिली, कारण ती २००८ च्या पुनर्रचनेच्या आदेशातली आहेत. औशाच्या मतदाराची त्या वर्षीची स्थिती अशी: जिल्हा लातूर, मतदारसंघ उस्मानाबाद आणि ज्या जिल्ह्याच्या नावाने मतदारसंघ आहे तो कागदोपत्री धाराशिव. रेणापूरचंही असंच. गोपीनाथ मुंडे ज्या रेणापूर मतदारसंघातून वर्षानुवर्षं निवडून येत, तो २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. लातूर जिल्ह्यात रेणापूर तालुका मात्र आहेच.

लातूरच्या पुढे औसा आणि औशाच्या दक्षिणेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथे भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर उस्मानाबाद जिल्ह्यात. जमीन हादरली ती हद्द न बघता, पुनर्वसनाची यादी मात्र दोन जिल्ह्यांच्या दोन कचेऱ्यांत तयार झाली. आज या गावांची घरं आखीव रांगांत उभी आहेत. किल्लारीहून सास्तूरला जाताना जिल्हा बदलतो, लोकसभा बदलत नाही.

रेघेचं वजन सगळ्यात जास्त जाणवतं ते दुसऱ्या टोकाला, धर्माबादच्या बाजूला. २०१८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घाला म्हणून मागणी केली. कारण भाषेचं नव्हतं. पलीकडच्या गावातल्या शेतकऱ्याला एकरी पैसे मिळत होते, अलीकडच्याला नाही. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये ठरवून दिलं की १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याची दारं उघडी ठेवायची आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा दारं वर, अडवण्याजोगं पाणी खाली तेलंगणात जातं. तिथली रेघ पोटावर पडते.

रेघा बदलण्याची पुढची खेप आता ठरलेली आहे. जनगणनेची तारीख १ मार्च २०२७ आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या गेल्या. तेव्हा उदगीर किंवा किनवटचा जिल्हा व्हायचा तर निदान जनगणना होईपर्यंत थांबणं आलं. त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेत सहाचं गणित पुन्हा मांडलं जाईल आणि लोहा, औसा, हदगाव कुठे जातील ते तेव्हा कळेल. तोवर एक काम मात्र कुठल्याही आयोगाविना करता येण्याजोगं आहे. प्रत्येक तहसीलच्या दारात एक फलक लावावा: महसूल कुठे, बोर्ड कुठे, विद्यापीठ कुठे, वीज कुठे, पोलीस कुठे, खासदार कुठला, जुनी नोंद कोणत्या जिल्ह्यात. हे काम आज झेरॉक्सवाले काका वीस रुपयांत करतात. तालुक्याला नवा आलेला शिक्षक, सून किंवा तलाठी त्यांच्याकडेच जातो, आणि फलक लागेपर्यंत त्यांनाच विचारलेलं बरं.